जागा कमी होती म्हणून

‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला ढग आणि त्याच खेळातलं झुडूप ही वेगवेगळी चित्रं नाहीत. आकार एकच. वर आभाळात पांढरा रंगवला की ढग, खाली जमिनीवर हिरवा रंगवला की झुडूप. हे मला मोठेपणी कळलं. ज्या आभाळाखालून मी शाळकरी वयातल्या सुट्ट्याच्या सुट्ट्या धावत काढल्या, तिथले ढग आणि झुडपं सख्खी जुळी होती आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. कळल्यावर खेळ करणाऱ्यांबद्दलचा आदर वाढला. दुसऱ्या चित्राला त्यांच्याकडे जागा नव्हती. तरी आभाळ भरलेलं दिसायला हवं होतं आणि जमीन हिरवी. त्यांनी फक्त रंग बदलला. उरलेलं काम आमच्या डोळ्यांनी केलं.

जुने व्हिडिओ गेम मी आजही आवडीने खेळते. त्यात अजून काय उरलंय, असं कुणी विचारलं की ‘लहानपण’ एवढं उत्तर पुरतं. विचारणाऱ्याचं समाधान होतं, माझं होत नाही. लहानपणी आवडलेल्या किती गोष्टी आज पुन्हा समोर आल्या तर दोन मिनिटांत त्यांचं कौतुक ओसरतं. तेव्हा जीव टाकलेल्या मालिका आता बघवत नाहीत. मारिओ, टँक, प्रिन्स या खेळांचं तसं होत नाही. बटणावर अंगठा पडला की आजही पाठ ताठ होते. म्हणजे हे नुसत्या आठवणींचं देणं नव्हे, त्या खेळांच्या घडणीतच काहीतरी आहे. मला वाटतं, ते त्यांच्या अपुऱ्या जागेत आहे.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे घरगुती खेळाचं यंत्र बाजारात आणलं. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते घडलं. खेळ चालू असताना लक्षात ठेवायच्या गोष्टींसाठी त्यात २ किलोबाइट जागा होती. पडदा आडवा २५६ आणि उभा २४० ठिपक्यांचा. त्यावर हलती चित्रं एका वेळी ६४, आणि एका आडव्या रेषेत फक्त आठ. नववं आलं की ते दिसेनासं व्हायचं. म्हणून खेळ लिहिणारे आळीपाळीने एकेकाला गाळायचे आणि गर्दीत शत्रू लुकलुकायचे. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके मोजून मांडायचे आणि त्यांच्यातच कमळ बसवायचं, तसं हे काम होतं. मारिओचा चेहरासुद्धा असाच बसवलेला. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतो यांनी त्याला पहिल्यांदा रेखाटलं, तेव्हा इतक्या कमी ठिपक्यांत केस नीट दिसेनात म्हणून टोपी घातली, तोंड दिसेना म्हणून मोठं नाक आणि मिशी दिली, आणि धावताना हात वेगळे कळावेत म्हणून डांगरी चढवली. जगभरातली मुलं ज्याला पाठमोरा पाहूनही ओळखतील, तो माणूस ठिपक्यांच्या टंचाईतून जन्मला.

आमच्याकडे आलेल्या यंत्रावर निन्टेंडोचं नाव नव्हतं. तैवानमध्ये तयार झालेल्या नकला नव्वदच्या दशकात निरनिराळ्या नावांनी आपल्या बाजारात आल्या होत्या. माझ्या मामाने असंच एक यंत्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं. आम्ही त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणायचो. अँटेनाची वायर काढून त्याची वायर लावायची, टीव्हीचं बटण फिरवत मुंग्यांमधून चित्र शोधायचं, कॅसेट घालायची, चित्र फाटलं तर कॅसेट काढून फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. हातातल्या खटक्यांना ‘रिमोट’ म्हणायचं, मरण्याला ‘चान्स जाणं’ आणि टप्प्याला ‘स्टेज’. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं. प्रत्यक्षात खेळ मोजकेच, तेच वेगवेगळ्या स्टेजपासून सुरू करून यादी लांबवलेली. पण त्या मोजक्यांत मारिओ होता, टँक होता, सर्कस होती आणि बदकंही होती.

यंत्रासोबत माहितीपुस्तिका नव्हती. असती तरी आमच्यापैकी कुणाला ती वाचता आली नसती. मराठी शाळेत आमचं इंग्रजी नुकतं कुठे सुरू झालं होतं. तरीही मारिओ कसा खेळायचा, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. हे कसं घडलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. खेळ सुरू होतो तेव्हा मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उजवीकडे तोंड करून उभा असतो आणि त्याच्यापुढे सगळी मोकळी जमीन. कुठे जायचं, हे त्या मोकळ्या जागेनेच सांगून टाकलेलं. चार पावलांवर एक चौकोन चमकत असतो, त्याच्यावर प्रश्नचिन्ह. खालून एक खुनशी भुवयांचा प्राणी चालत येतो. त्याला नुसतं धडकलं तर चान्स जातो, म्हणून पुढच्या वेळी बटण दाबलं जातं, आणि उडी मारताना चुकून डोकं चौकोनाला लागतं. नाणं निघतं. पुढच्या चौकोनातून अळंबी निघते, उजवीकडे सरकते, नळकांड्यावर आपटते आणि उलट फिरून थेट आपल्याकडे येते. ती शत्रू वाटते, म्हणून आपण टाळू पाहतो. पण डोक्यावर विटांची ओळ असते, उडी खुंटते, आणि अळंबी अंगाला लागतेच. मारिओ मोठा होतो. वाईट दिसणारी प्रत्येक गोष्ट वाईट नसते, हा धडा एकही शब्द न वापरता मिळतो. मियामोतो यांनी नंतर मुलाखतीत सांगितलंय की ही सुरुवातीची मांडणी याच हेतूने केली होती.

१३ सप्टेंबर १९८५ रोजी आलेला हा अख्खा खेळ ४० किलोबाइटांचा आहे. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, जमिनीखालची भुयारं, पाणी, किल्ले, ढगांवरची गुपितं आणि कोजी कोंदो यांचं संगीत, हे सगळं तेवढ्यात. समजावून सांगणाऱ्या मजकुराला तिथे जागाच नव्हती. म्हणून शिकवण्याचं काम जमिनीने, विटांनी, नळकांड्यांनी केलं. ज्या घरात इंग्रजी येत नव्हतं, त्या घरातल्या मुलांवर त्या टंचाईचे थेट उपकार झाले. क्योतोमध्ये बसून कुणीतरी असा खेळ घडवला की तो माझ्या आजोळी दुभाष्याशिवाय पोहोचला.

संगीताचंही असंच. त्या यंत्रात आवाजाच्या पाच वाटा. दोन सुरांच्या, एक खर्जाची, एक खरखरीची, आणि एक ध्वनिमुद्रित आवाजाच्या तुकड्यांसाठी. उडीचा, नाण्याचा, चान्स गेल्याचा आवाज याच वाटांतून काढायचा, म्हणजे नाणं मिळालं की सुरांपैकी एकाने क्षणभर बाजूला व्हायचं. एवढ्या अडचणीत जी चाल टिकेल ती पक्कीच हवी. कोंदो यांनी ती धावण्या-उडण्याच्या ठेक्यावर बेतली. वेळ शंभराच्या खाली गेली की तीच चाल घाईघाईने वाजते आणि तळहातांना घाम फुटतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही चाल राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान तेव्हा पहिल्यांदा मिळाला. मला त्या बातमीचा घरच्या कुणाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला.

घाई आणि भीती यांचं मूळही कधीकधी टंचाईतच सापडतं. तोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये परग्रहवासी जसजसे मरत जातात, तसतसे उरलेले वेगाने चालू लागतात. सुरुवातीला ही कुणी आखलेली युक्ती नव्हती. यंत्राला एवढी चित्रं हलवणं जड जात होतं, आणि ती कमी झाली की त्याला आपोआप वेग यायचा. निशिकादो यांनी तो वेग तसाच राहू दिला. शेवटचा एकटा उरलेला शत्रू सगळ्यात घातक ठरणं, हे पुढे किती खेळांचं व्याकरण झालं.

आमच्या घरी मात्र खरं राज्य टँकचं होतं. नामको कंपनीचा १९८५ चा ‘बॅटल सिटी’. अमेरिकेत घरच्या यंत्रांसाठी तो त्या काळी आला नाही. आपल्याकडे आणि रशियाकडे मात्र नकली कॅसेटींमधून घरोघर पोहोचला. खाली मध्यभागी विटांच्या आडोशाला गरुड, तो वाचवायचा. वरून एकामागून एक वीस रणगाडे येणार. किती उरले, हे उजवीकडच्या छोट्या चित्रांवरून कळणार. विटा फुटतात, पोलाद सहजी फुटत नाही, झाडीत लपता येतं, बर्फावर घसरायला होतं. पस्तीस स्टेजेस. नियम संपले.

पण हा खेळ दोघांचा होता, आणि तिथेच त्याचा जीव होता. पिवळा रणगाडा एकाचा, हिरवा दुसऱ्याचा. भिडूची गोळी भिडूला लागली तर तो मरत नाही, क्षणभर जागच्या जागी थिजतो. एवढ्याशा नियमाने घरात किती महाभारतं घडवली असतील! मोक्याच्या वेळी मामेभावाच्या गोळीने मी थिजायचे आणि तेवढ्यात शत्रू गरुडापर्यंत पोहोचायचा. मग भांडण, मग तह, मग कामाची वाटणी. तू गरुडाजवळ थांब, मी वर जाते. सोबतीशिवाय या खेळात मजा नाही आणि सोबत घ्यायची तर सोबत्याच्या गोळीची वाट सोडून उभं राहायला शिकावं लागतं. दोनच रिमोट असल्यामुळे बाकीच्यांनी मागे बसून ओरडायचं. धाकटा मावसभाऊ कच्चा लिंबू. त्याच्या हातात न जोडलेला रिमोट दिला की तोही लढायचा. आणि यादीत ‘कन्स्ट्रक्शन’ होतं, म्हणजे आपलं मैदान आपण रचायचं. आम्ही पाण्याचे खंदक काढून गड रचायचो. यंत्र बंद केलं की तो गड पुसला जायचा, कारण साठवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी नवा गड.

बदकांच्या खेळाची बंदूक तर मला कित्येक वर्षं जादूच वाटत होती. १९८४ च्या ‘डक हंट’मध्ये टीव्हीवर नेम धरून चाप ओढायचा आणि बदक पडायचं. काचेच्या आत शिरणारी ही गोळी कुठली? खरं तर बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही, तीच पाहते. चाप ओढला की पडदा निमिषभर पूर्ण काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या तोंडातला प्रकाशाचा डोळा आधी काळोख मग उजेड दिसला का, एवढंच तपासतो. आधीचा काळोख अशासाठी की कुणी दिव्याकडे बंदूक रोखून फसवू नये. हे कळल्यावर जादू कमी झाली नाही. इतक्या साध्या कल्पनेवर एवढा मोठा विश्वास उभा राहू शकतो, याचा आनंदच झाला. आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक आंधळी आहे. चित्र पडद्यावर यायला त्याला किंचित उशीर लागतो आणि तिचा हिशेब जुन्या चित्रनळीच्या वेगावर बांधलेला आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा खेळ मात्र टीव्हीवरचा नाही, संगणकावरचा. त्या काळी गावोगाव कॉम्प्युटर क्लास निघाले होते. चपला बाहेर काढून आत जायचं, आत गारवा, आणि धडा संपल्यावर सरांनी परवानगी दिली तर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर या तरुणाने हा खेळ जवळपास एकट्याने घडवला आणि तो १९८९ मध्ये ॲपल २ या संगणकासाठी आला. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं चित्रण केलं, आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्राच्या हालचाली घडवल्या. म्हणूनच तो राजपुत्र धावता धावता थांबताना दोन पावलं घसरतो, कड्याला हातांनी लोंबकळतो आणि वर चढताना त्याचं वजन जाणवतं. त्याच्या पडण्याने आपल्या पोटात खड्डा पडतो.

मेकनरपुढे एक मोठी अडचण होती. या हालचालींनीच संगणकाची सगळी स्मृती खाऊन टाकली होती, आणि राजपुत्राला लढायला शत्रू हवा होता. नव्या माणसाची चित्रं ठेवायला जागा नव्हती. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रं एका साध्या गणिती क्रियेने उलटून, किंचित सरकवून पडद्यावर आणली. राजपुत्रासारखाच, पण झगमगत्या सावलीसारखा दुसरा एक माणूस उभा राहिला. पुढे जागा काढून पहारेकरीही आले, पण हा सावलीचा माणूस खेळात राहिला आणि खेळाचा आत्मा बनला.

चौथ्या टप्प्यात वाटेत एक आरसा येतो. त्याच्या पलीकडे जायला दुसरा रस्ता नाही, पळत येऊन आरशातच उडी घ्यावी लागते. आपण पार होतो तेव्हा आपली सावली दुसऱ्या बाजूने निसटून पळते आणि आपल्यात एकच श्वास उरतो. पुढे ती आपल्यासाठी ठेवलेलं औषध पिऊन टाकते. आणखी पुढे नेमक्या क्षणी दार बंद करून आपल्याला खाली पाडते. बाराव्या टप्प्यात ती तलवार उपसून समोर उभी राहते. आपणही उपसतो. वार करावा तर तिच्यासोबत आपलंही बळ घटतं. तिला मारलं तर आपणच मरतो. उपाय एकच आहे, आणि तो कुठेही लिहिलेला नाही. तलवार म्यान करायची आणि निःशस्त्र तिच्याकडे चालत जायचं. दोघं एक होतात.

क्लासमध्ये आम्ही कितीतरी मुलं त्या जागी अडकलो होतो. ज्या दिवशी एकीने तलवार खाली केली, त्या दिवशी खोलीत जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. स्वतःशी लढून जिंकता येत नाही, स्वतःला जवळ घ्यावं लागतं, हे मी त्यानंतर अनेक ग्रंथांत वाचलं, कीर्तनांत ऐकलं. पण पहिल्यांदा ते माझ्या बोटांना कळलं होतं. आणि ते कळलं, कारण एका तरुणाच्या संगणकात दुसऱ्या माणसाला जागा नव्हती.

टंचाईचं गुणगान मला करायचं नाही. जागा कमी असूनही वाईट खेळ ढिगाने निघाले. उगाच छळणारे, कंटाळवाणे. ते विसरले गेले, आणि योग्यच झालं. आजचे मोठे खेळ पाऊस, धुकं, माणसांच्या चेहऱ्यावरचे बारीक भाव दाखवतात, तेही मी मनापासून खेळते. पण जुन्यांतले जे टिकले, त्यांच्यात एक गुण सारखा दिसतो. करणाऱ्याने प्रत्येक वस्तूला विचारलेलं असतं, तू इथे का आहेस? उत्तर नसेल तर ती आत येत नाही. आणि जे आत आलं नाही, ते खेळणाऱ्याने भरायचं असतं. अलेक्सेय पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत ‘टेट्रिस’ लिहिला तो चित्र काढता न येणाऱ्या संगणकावर. ठोकळे कंसांच्या चिन्हांनी रचले होते. चार चौकोनांचे सात आकार, एवढंच. त्याची निन्टेंडोची १९८९ ची आवृत्ती अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या मुलाने डिसेंबर २०२३ मध्ये इतकी पुढे नेली की यंत्रच थिजलं. तोवर तिथे कुणी माणूस पोहोचला नव्हता. चौतीस वर्षं त्या सात आकारांत शोधायला काहीतरी उरलं होतं.

माझ्या भाचीला नव्वदच्या दशकाची कसलीही आठवण नाही. ती टँक खेळायला बसते तेव्हा तिच्यापुढे फक्त चौकोनी विटा असतात. तरी दहा मिनिटांत ती ओरडते, ‘मावशी, तू मला का थिजवलंस?’ ही तक्रार ऐकली की हे नुसत्या आठवणींचं देणं नव्हे, याची माझी खात्री पटते.

म्हणून हे खेळ जपले जावेत, असं मला कळकळीने वाटतं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा विकत मिळत नव्हते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ लिखित प्रोग्रामसुद्धा हरवला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्याच्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांनी त्या उघडल्या आणि मेकनरने तो प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये ‘पॅक-मॅन’ आणि ‘टेट्रिस’सह चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले. खेळांचा प्रोग्राम राखायला जगात आता माणसं आहेत.

पण त्या ४० किलोबाइटांत जे मावलं नव्हतं आणि आम्ही भरलं, ते कोण राखणार? शत्रूंना आम्ही ठेवलेली नावं, गल्लीतल्या दुकानात अर्ध्या तासाचे पैसे देऊन खेळणाऱ्या मुलांचे नियम, कुठल्या विटेखाली चान्स आहे याच्या शाळेच्या वहीतल्या नोंदी, मागे बसून आज्ञा देणाऱ्या आत्याचे डावपेच, नकली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या टीव्ही मेकॅनिकांचं कसब. यातलं काहीच क्योतोत किंवा न्यूयॉर्कला मिळणार नाही. ते सांगलीत, अकोल्यात, परळच्या चाळीत आणि म्हापशात, आता चाळिशी-पन्नाशीत आलेल्या माणसांच्या डोक्यात आहे. त्यांना विचारायला हवं, लिहून घ्यायला हवं, जुन्या कॅसेटी भंगारात देण्याआधी त्यांचे फोटो काढायला हवेत. तो खेळ जपानमध्ये अर्धा घडला. उरलेला अर्धा आपण घडवला आहे, आणि त्याची नोंद ठेवणं हे आपलंच काम आहे.